महाराणीची हनुवटी

माझा धंदा केसांचा. रोमच्या सुबुरा वस्तीत, चांभारांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक तिपाई, एक आरसा आणि मी, थाल्लुसा. बायका येऊन तिपाईवर बसतात आणि बसल्या बसल्या अर्ध्या रोमची उणीदुणी काढतात. मी नुसतं हं हं करते. हात कामात असतात, कान मोकळेच असतात.

त्या दिवशी सकाळी मी खाटकाच्या बायकोचे केस विंचरत होते, तेवढ्यात निंफे धापा टाकत आली. निंफे आणि मी एकाच मालकिणीच्या हाताखाली शिकलो. मालकीण गेली तेव्हा तिच्या मृत्युपत्राने मी गुलामगिरीतून मोकळी झाले आणि निंफे राजवाड्यात गेली. आता नव्या महाराणीचं डोकं तिच्या ताब्यात. महाराणीचं सम्राटाशी लग्न चार दिवसांवर आलेलं, त्यामुळे निंफेचा तोरा तर विचारूच नका.

“सुया दे गं. हाडाच्या, लांब. असतील तेवढ्या सगळ्या.”

“एवढ्या कशाला? महाराणीचे केस करतेस की गोधडी शिवतेस?”

“शिवतेच आहे! काल बाईंनी अंबाडा टाकून दिला. म्हणाल्या, मानेवर हे गाठोडं नको, आत्यासारखी दिसते मी. आता सगळे केस कानामागून खाली घ्यायचे, मानेवर दुमडायचे आणि चपटी वेणी करून पार टाळूपर्यंत वर आणायची. मग सुईने टाके. आज सकाळी सगळ्या बड्या घरच्या बायकांनी बघितलंय. दुपारपर्यंत तुझ्या दारात रांग लागते की नाही बघ!”

एरवी मी नाचले असते. केसांची नवी तऱ्हा निघाली की आमच्या धंद्यात सुगी. पण माझा कंगवा खाटकिणीच्या केसांत तसाच अडकून राहिला.

“अंबाडा गेला? अगदी गेलाच?”

“गेला म्हणजे गेला. का गं?”

“अगं, माझ्या हर्मेरोसने नऊ दिवस खपून तोच कोरलाय!”

हर्मेरोस माझा माणूस. केलियस टेकडीच्या पायथ्याशी टांकसाळ आहे, तिथे तो ठसे कोरतो. मी मोकळी झाले तरी तो अजून सम्राटाचा गुलाम. बारा वर्षं तो टांकसाळीच्या आवारात झोपतोय आणि मी सुबुरात. भेट सणावारी. आणि आता कुठे दिवस पालटायची वेळ आली होती. नव्या महाराणीची चांदीची नाणी निघणार म्हणून टांकसाळीतल्या सहा कारखान्यांनी चिठ्ठ्या टाकून सहा सद्गुण वाटून घेतले होते. कोणाला लज्जा, कोणाला संतती, कोणाला भक्ती. हर्मेरोसच्या कारखान्याला सलोखा आला. नाण्याच्या मागे सलोख्याची देवी, पुढे महाराणीचा चेहरा. तो चेहरा सगळ्यांत आधी कोरायचा मान हर्मेरोसला मिळाला होता. राजवाड्याने पसंत केला की बाकीचे पाच कारखाने तोच समोर ठेवून कोरणार.

टांकसाळीच्या प्रमुखाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता. नमुना पसंत पडला तर हर्मेरोस मोकळा. नाही पडला तर पहिल्या जहाजाने अंतिओखियाला रवानगी, तिथल्या टांकसाळीला हात कमी पडताहेत म्हणून. आणि राजवाड्याचा माणूस नमुना बघायला येणार होता तो त्याच दिवशी, सूर्योदयापासून नवव्या तासाला. म्हणजे एक तर तो माझ्या घरी येणार, नाहीतर समुद्रापार जाणार.

मी सुयांची पेटी आणि कंगवा उचलला.

“अगं ए!” खाटकीण किंचाळली. “अर्धं डोकं विंचरून कुठे चाललीस? मी अशी रस्त्याने जाऊ?”

“डोक्यावरून शाल घ्या. साक्षात लज्जादेवी दिसाल!”

आणि मी धावत सुटले. सुबुरातून केलियसपर्यंत मी याआधी कधी धावले नव्हते, आणि या वयात पुन्हा धावणार नाही. एका सॉसेजवाल्याची टोपली लवंडली, एका वकिलाच्या पायावर पाय पडला. दोघांनीही माझ्या आईचा उद्धार केला. मला थांबून उत्तर द्यायला सवड नव्हती याचं मला अजून वाईट वाटतं.

टांकसाळीत बायकांना मज्जाव. फाटकावर मुकादम ओनेसिमस स्वतःच उभा होता, पाहुण्यासाठी नवा अंगरखा घालून. हा माणूस मला बघितलं की दात दुखल्यासारखं तोंड करतो.

“थाल्लुसा, आज कसला सण? चल, नीघ.”

“मुकादम, तुमचा नमुना शिळा झालाय.”

“कालच घासूनपुसून ठेवलाय. तो काय मासा आहे शिळा व्हायला?”

“महाराणीने केस बदलले. अंबाडा गेला. आज सकाळी अख्ख्या राजवाड्याने बघितलंय.”

ओनेसिमसचा चेहरा चुन्यासारखा झाला. जुन्या केसांची महाराणी राजवाड्यात गेली असती तर पहिले फटके मुकादमाच्याच पाठीवर पडले असते. त्याने माझा दंड धरला. बारा वर्षांत त्याने मला कितीदा तरी बाहेर ढकललं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा आत ओढलं.

आत भट्ट्यांची धग, कोळशाची धूळ आणि घणांचा असा दणदणाट की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. हर्मेरोस खिडकीखालच्या बाकावर बसून ठशाला तेल लावत होता. मला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी सगळं एका दमात सांगितलं. त्याने ठशावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

“थाल्लू, खणलेलं बुजवता येत नाही गं.”

ते खरंच होतं. नाण्यावर जे वर येतं ते ठशात खड्डा असतं, आणि उलटं असतं. महाराणीचा तो देखणा अंबाडा म्हणजे ठशात मानेपाशी खोल गेलेली खळी. ती आता कशाने भरणार? नवं लोखंड घ्यायचं आणि पहिल्यापासून कोरायचं, एवढंच हातात होतं. आणि तिसरा तास संपत आला होता.

“मग घे नवं,” मी म्हटलं.

“सहा तासांत? नऊ दिवस लागले होते मला!”

“त्यातले सहा दिवस तू नाकाकडे बघत बसला होतास. चेहरा आता तुझ्या हातात बसलाय. केसांचं मी सांगते.”

“सांगून मला कळत नाही. दाखव.”

इथेच घोडं अडलं. माझ्या डोक्यावर दाखवायला काही उरलेलं नव्हतं. आदल्या वर्षी तापात माझे केस गेले. केसांचा धंदा करणारी बाई डोक्याला फडकं बांधून फिरते, यावर सुबुरा वर्षभर हसतोय. कारखान्यातल्या बाप्यांची डोकी ठिणग्यांच्या भीतीने भादरलेली. सगळ्यांची, एकाची सोडून.

बाटो हा आमचा घणवाला. दानुब नदीकडचा, दारातून वाकून यावं लागतं असा. त्याच्या मुलखात पुरुष केस कापत नाहीत म्हणे. कमरेपर्यंत पिवळेधमक केस, घण मारताना दोरीने बांधून ठेवतो. मी त्याच्याकडे बघितलं. हर्मेरोसने बघितलं. मग अख्ख्या कारखान्याने बघितलं.

“नाही,” बाटो म्हणाला. “मेलो तरी नाही.”

“बाटो, बैस इथे.”

“वहिनी, अहो मी घणवाला आहे!”

“आत्ता नाहीस. आत्ता तू महाराणी आहेस. मान ताठ ठेव.”

कोळशाच्या पोत्यावर बसवलं त्याला. काय केस होते हो! दोन वर्षांत एवढे दाट केस माझ्या हाताला लागले नव्हते, आणि त्यात निम्मा कोळसा. तेल ओतलं, कंगवा घातला. बाटो बैलासारखा हुंकारायला लागला. चांदीच्या चकत्या तापवणारा एकजण चिमटा हातात घेऊन समोर येऊन वाकला.

“बाईसाहेब, अंजीर आणू का चार?”

“केस सुटू देत रे,” बाटो दातओठ खात म्हणाला. “एकेकाला ऐरणीवर घेतो.”

“महाराणी अशा बोलत नसतात,” मी म्हटलं आणि पहिला टाका घातला. टाका जरा खोल गेला. त्यावर तो जे म्हणाला ते त्याच्या भाषेत होतं म्हणून बरं.

मी मधोमध भांग पाडला, दोन्हीकडे लाटा काढल्या, कानामागून केस खाली घेतले, मानेवर दुमडले, चपटी वेणी घालून टाळूपर्यंत आणली आणि काठाकाठाने शिवून टाकली. हर्मेरोस माझ्या बोटांकडे टक लावून बघत होता. मग त्याने बाटोला खिडकीच्या उजेडात आडवा वळवला आणि कोरणी उचलली.

बारा वर्षांत मी माझ्या माणसाला काम करताना कधी बघितलं नव्हतं. घरी तो पाहुण्यासारखा यायचा, पाहुण्यासारखा जायचा. इथे तो वेगळाच होता. एकदा बाटोकडे बघायचा, एकदा लोखंडाकडे, आणि मध्ये हात न थांबता चालायचा. घामाचे थेंब नाकावरून टपकत होते आणि तो पुसत नव्हता. इतका देखणा दिसत होता की मला राग आला. एवढी वर्षं हे मला बघायला मिळालं नाही म्हणून.

सहावा तास झाला. सातवा झाला. मुकादम दर थोड्या वेळाने फाटकापर्यंत जाऊन येत होता. कोणीतरी पाव आणि चणे आणले, कोणी हात लावला नाही. बाटोला मात्र मी भरवले, कारण त्याला मान हलवायची परवानगी नव्हती. दुसऱ्या बाकावरच्याने भोवतीची अक्षरं कोरली. आठवा तास सरता सरता हर्मेरोसने कोरणी खाली ठेवली, ठसा भट्टीत लाल करून विझवला, पुसला आणि ऐरणीत बसवला. मागच्या बाजूचा सलोख्याचा ठसा तयार होताच, तो वर धरला. चिमट्याने तापलेली चकती मध्ये ठेवली.

“बाटो,” तो म्हणाला, “एकच घाव. नीट.”

डोक्यावर महाराणीची वेणी शिवलेल्या बाटोने घण उचलला आणि घातला.

ओनेसिमसने नाणं उचलून उजेडात धरलं. आम्ही सगळे त्याच्या हातावर तुटून पडलो. केस! अहो, प्रत्येक लाट, वेणीचा प्रत्येक पेड, माझे टाकेसुद्धा दिसत होते. मी टाळ्याच पिटल्या. “झालं! झालं रे हर्मेरोस!” असं ओरडले. मग माझ्या ध्यानात आलं की बाकी कोणी ओरडत नाहीये.

बाटो खाली वाकला. नाण्याकडे बघितलं. स्वतःच्या हनुवटीवरून हात फिरवला.

“हा मी आहे,” तो म्हणाला.

तोच होता. केस महाराणीचे, खाली बाटो. रेड्यासारखी मान आणि नांगराच्या फाळासारखी पुढे आलेली हनुवटी. राजवाड्याने पाठवलेला महाराणीचा प्लास्टरचा चेहरा मागच्या फळीवर ठेवलेला होता. पाच तासांत हर्मेरोसने मागे वळून बघितलंच नव्हतं. डोळ्यांनी जे दिसलं ते हाताने कोरलं. ठशात सगळं उलटं आणि खोल, त्यात कुणाची हनुवटी कोणाला कळणार? ती चांदीवर उमटली तेव्हा कळली.

“मारलंस,” ओनेसिमस पुटपुटला. “मारलंस आम्हाला सगळ्यांना.”

हर्मेरोस नुसता बसून राहिला. मला त्याचा चेहरा बघवेना. “अजून एक कोर,” मी म्हटलं. माझाच आवाज मला खोटा वाटला. आणि तेवढ्यात फाटकावरून हाक आली. राजवाड्याचा माणूस वेळेआधीच आला होता.

मला कोळशाच्या पोत्यांमागे ढकललं. बाटोच्या डोक्यावर कोणीतरी गोणपाट टाकलं. राजवाड्याचा तो माणूस, पाम्फिलस, आत आला. बारीक अंगाचा, स्वच्छ हातांचा, हळू बोलणारा. अशा माणसांची मला फार भीती वाटते. त्याने नाणं घेतलं आणि खिडकीपाशी गेला. ते उजेडात फिरवून फिरवून बघितलं.

“केस आजचे आहेत,” तो शेवटी म्हणाला. “कमाल आहे. मी स्वतः आज सकाळी पाहिले.” मुकादमाच्या जिवात जीव येतोय न येतोय तोच तो पुढे म्हणाला, “पण ही हनुवटी कोणाची?”

कारखान्यात घण थांबलेले होते. भट्टीचा भाता तेवढा फुसफुसत होता. ओनेसिमसचं बोट हर्मेरोसच्या दिशेने उठताना मला पोत्यांमधून दिसलं. त्या बोटाच्या टोकाला मला जहाज दिसलं. मग मला काही विचार करायला वेळच उरला नाही.

“तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, साहेब!” मी पोत्यांमागून बाहेर आले. तोंडभर कोळसा, डोक्याला फडकं. “दुसऱ्या कोणाची असणार?”

पाम्फिलसने माझ्याकडे बघितलं. मी थांबले असते तर मेले असते, म्हणून थांबले नाही. शेजारच्या टोपलीत सम्राटाची नाणी होती, त्यातलं एक उचललं आणि त्याच्या स्वच्छ तळहातावर महाराणीच्या शेजारी ठेवलं. आमचे सम्राटही दानुबकडचेच, शिपाईगडी. तीच मान. तीच हनुवटी. मला स्वतःलाच धक्का बसला.

“सलोखा नुसता मागच्या बाजूला बसवून काय उपयोग, साहेब? तोंडावर दिसायला नको? आमच्या गल्लीत चांगली नांदणारी नवराबायको बघा, एकमेकांसारखी दिसायला लागतात. चांभार आणि चांभारीण तर पाठमोरी ओळखू येत नाहीत.”

“त्याला वर्षं लागतात,” पाम्फिलस म्हणाला. “यांचं लग्न चार दिवसांनी आहे.”

“आम्हाला वर्षं लागतात. त्यांच्याकडे टांकसाळ आहे.”

त्याच्या तोंडाचा एक कोपरा किंचित हलला. हसला असं मी म्हणणार नाही.

“आणि तू कोण?”

“याची बायको.”

“गुलामाला बायको नसते.”

“म्हणून तर ही सगळी घाई चाललीय, साहेब.”

ओनेसिमसने डोळे मिटून घेतले. पाम्फिलसने दोन्ही नाणी मुठीत घेतली. “ठरवणारा मी नव्हे,” तो म्हणाला आणि निघून गेला.

मग वाट बघणं. कोळशाच्या पोत्यावर मी आणि हर्मेरोस शेजारी बसलो. मला बाहेर काढायचं मुकादमाला सुचलंच नाही. बाटो समोर गोणपाट घेऊन बसला होता. “वहिनी, हे टाके उसवा ना आता,” असं त्याने दोनदा म्हटलं, पण माझी नजर फाटकावरून हलत नव्हती. हर्मेरोस माझ्या बोटांना लागलेलं तेल स्वतःच्या अंगरख्याला पुसत होता.

“अंतिओखियाला म्हणे अंजिरं चांगली मिळतात,” तो म्हणाला.

“गप्प बैस.”

“तू येशील?”

“पोहत येईन. गप्प बैस.”

दहावा तास होऊन गेला तेव्हा पाम्फिलस परत आला. हातात एक पाटी होती. त्याने ती आधी ओनेसिमसला दिली नाही, हर्मेरोससमोर धरली.

“सम्राटांनी दोन्ही नाणी शेजारी ठेवून बघितली आणि खूश झाले,” तो म्हणाला. “बाईंनी हनुवटीकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, केस अगदी बरोबर आलेत. बाकीच्या पाचही कारखान्यांनी हाच चेहरा कोरायचा.” मग पाटीवर बोट ठेवलं. “हा सुटकेचा हुकूम. इथे नावाची जागा मोकळी आहे. तुझं नाव सांग.”

हर्मेरोसला स्वतःचं नाव सांगता येईना. तोंड उघडायचा, मिटायचा. शेवटी अख्खा कारखाना एका सुरात ओरडला, “हर्मेरोस!” आणि बाटोने आनंदाच्या भरात रिकाम्या ऐरणीवर असा घण घातला की पाम्फिलसच्या हातून पाटी पडता पडता वाचली. मी काय केलं मला आठवत नाही. मुकादम सांगतो की मी त्याचाच मुका घेतला. मी ते कबूल करणार नाही.

बाटोचे टाके मी उसवले. खरं सांगायचं तर उसवताना तो जरा नाराजच दिसला. “आता सगळ्या साम्राज्यात माझी हनुवटी फिरणार,” तो हनुवटी चोळत म्हणाला. “नमस्कार करा रे मला.” त्याच्यावर चणे फेकून सगळ्यांनी त्याला नमस्कार केला.

हर्मेरोस आणि मी उन्हं उतरताना टेकडीवरून खाली आलो. त्याच्या डोक्यावर मुक्त माणसाची नवी टोपी, जरा मोठीच झालेली, कानांवर येणारी. गल्लीत सगळ्यांना मी थांबून थांबून सांगितलं. वकील भेटला असता तर त्यालाही सांगितलं असतं. घरी पाव होता, ऑलिव्ह होते, शेजारणीने अंडी आणून दिली. आम्ही दाराशी बसून खात होतो आणि मी एकटीच बोलत होते, नेहमीसारखी.

सूर्य समोरच्या छपरामागे गेला तसा हर्मेरोस उठला. हातातला पाव खाली ठेवला, वहाणा पायात घातल्या, टोपी सारखी केली. सणाच्या दिवशी तो असाच उठायचा, न सांगता, अर्धं जेवण टाकून, कारण दिवे लागायच्या आत टांकसाळीचं फाटक बंद व्हायचं. तो दाराच्या दोन पावलं पुढे गेला आणि तिथेच उभा राहिला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. कुठे जायचं ते त्याला आठवत नव्हतं.

 मी उठले, त्याचा हात धरून त्याला परत आत आणला आणि खाली बसवलं. मग मीच त्याच्या पायातल्या वहाणा काढल्या आणि माझ्या वहाणांशेजारी ठेवल्या.